वरोऱ्याचे ऊन, मोहाचे तेल

मे महिन्यात नागपूरहून चंद्रपूरकडे निघालेला प्रवासी वरोऱ्याला उतरतो तो ओठ चाटीतच. बाबा आमटे यांच्या १९४९ सालच्या महारोगी सेवा समितीचे आनंदवन येथलेच. कुष्ठरोगात नसा बधिर झाल्या, की पायांना घाम येईनासा होतो. कातडी सुकते, भेगाळते आणि दुखत नसल्याने भेगेची जखम बनते. उपाय केवढा साधा! वीसेक मिनिटे पाय थंड पाण्यात बुडवावेत (गरम नको, चटका कळत नाही) आणि ओले असतानाच तेल चोळावे. तेल पाणी देत नाही, मुरलेले पाणी अडवते. कोरड्या गालांवर नुसतेच क्रीम थापणाऱ्या आपल्या शहरी भगिनींना हे कोण सांगणार? पुढे गडचिरोलीच्या रानात हेच काम मोहाच्या बियांचे तेल करते. थंडीत ते तुपासारखे थिजते. तळहातावर घेतले, की विरघळते.