ऊन पाण्याकाठचें भूत

भुतांच्या गोष्टी ऐकणाऱ्यांचे सामान्यतः दोन वर्ग पडतात: भूत खरें मानून भिणाऱ्यांचा एक, आणि तें खोटें ठरवून हंसणाऱ्यांचा दुसरा. पहिल्यांना गोष्ट संपली तरी झोंप येत नाहीं. दुसऱ्यांना ती संपण्यापूर्वींच येते. परंतु या दोघांनाही न सुचणारा एक तिसरा प्रश्न आहे. भूत नव्हतें हें ठरलें. मग तेथें जें कोणी होतें, तें लपून कां वावरत होतें? हा प्रश्न आमच्या मनांत नव्यानें उभा राहण्यास एक जपानी चित्रमाला निमित्त झाली, तिची हकीकत प्रथम सांगतों.

आमच्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे आक्काच्या, नातवाला जपानी चित्रमालांचें, त्याच्या भाषेंत 'ॲनिमे'चें, विलक्षण वेड आहे. गेल्या दिवाळीच्या सुटींत तो वाशीमला आला तेव्हां 'ह्योका' नांवाची माला त्यानें आम्हांस आग्रहानें दाखविली. होनोबू योनेझावा या कादंबरीकाराच्या कथांवरून क्योतो ॲनिमेशन या संस्थेनें ती २०१२ सालीं काढली. तिचे दिग्दर्शक यासुहिरो ताकेमोतो १८ जुलै २०१९ रोजीं, संस्थेच्या इमारतीला एका इसमानें लावलेल्या आगींत, मृत्यु पावले. त्या आगींत ३६ माणसें दगावलीं. इतक्या सौम्य हातानें माणसांचीं चित्रें रेखाटणाऱ्यांचा असा अंत व्हावा, हें ऐकून मन विषण्ण झालें.

आम्ही पडलों इंग्रजी वाङ्मय शिकविणारे. रहस्यकथा म्हटली कीं आमच्या डोळ्यांपुढें प्रेत, पिस्तूल आणि बेकर स्ट्रीटवरील तो पाइप ओढणारा गृहस्थ उभा राहतो. या मालेंत असें कांहीं नाहीं. शाळेंतील चार मुलें, आणि त्यांना रोजच्या व्यवहारांत पडणारीं लहानसान कोडीं, एवढेंच तिचें भांडवल. सातव्या भागांत हीं मुलें एका ऊन पाण्याच्या झऱ्याच्या गांवीं सहलीला जातात आणि एका मैत्रिणीच्या नातेवाइकांच्या खाणावळवजा विश्रांतिगृहांत उतरतात. घरांत रिए आणि कायो या दोन लहान बहिणी आहेत. थोरली आपल्या प्रत्येक वस्तूवर स्वतःचें नांव घालते. धाकटी तिच्यापुढें दबून असते. रात्रीं थोरली एक गोष्ट सांगते, कीं समोरच्या इमारतींतील एका खोलींत पूर्वीं एका पाहुण्यानें गळफांस लावून घेतला होता. आणि त्याच रात्रीं त्या खिडकींत लोंबकळणारी छाया दोघी मुलींना प्रत्यक्ष दिसते!

ओरेकी नांवाचा आळशी पण चतुर मुलगा याचा उलगडा करतो. छाया माणसाची नव्हती. दोरीवर वाळत घातलेल्या युकाताची, म्हणजे तिकडील सुती झग्याची, होती. धाकटीनें तो थोरलीला न विचारतां जत्रेंत घालून नेला, पावसांत तो भिजला, आणि बोलणीं बसतील या भीतीनें तिनें रिकाम्या खोलींत चोरून वाळत टाकला. आपल्याकडे 'भित्यापाठीं ब्रह्मराक्षस' म्हणतात. येथें मात्र म्हण उलटी झाली: ब्रह्मराक्षसच भ्यालेला निघाला.

हें ऐकून सर्वांत अधिक खिन्न होते ती चितांदा नांवाची एकुलती एक मुलगी. बहिणीबहिणींत केवळ मायाच असते, अशी तिची समजूत. पुढें परततांना, पाय दुखावलेल्या धाकटीला थोरलीनें पाठुंगळीं घेतलेलें तिला दिसतें आणि तिचें मन निवतें. 'आजोबा, शेवट गोड झाला कीं नाहीं?' असें नातवानें विचारलें. आम्ही मान डोलावली. परंतु आमचें मन तोंवर जपानांतून निघून पैनगंगेच्या कांठीं जाऊन पोंचलें होतें.

ऊन पाण्याच्या झऱ्याला मराठींत 'उन्हाळें' असा सुंदर शब्द आहे. कोंकणांत वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून राजापुरापर्यंत अशा झऱ्यांची रांगच लागली आहे, आणि राजापुराजवळच्या एका गांवाचें तर नांवच उन्हाळे आहे. आमच्या वाशीम जिल्ह्याच्या वांट्याला उन्हाळें आलेलें नाहीं. तथापि आमच्या रिसोड तालुक्यावरून जाणारी पैनगंगा पुढें नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यांत शिरते, आणि तेथें तिच्याजवळ उनकेश्वर आहे. शरभंग ऋषींची व्याधि दूर व्हावी म्हणून रामानें बाण मारून हें ऊन पाणी काढलें, अशी कथा सांगतात. जळगांवकडील उनपदेवाचीही कथा हीच. शास्त्र म्हणतें, पावसाचें पाणी भेगांतून खोल उतरतें, दर किलोमीटरला सुमारें २५ ते ३० अंश सेल्सियस वाढणाऱ्या भूगर्भाच्या उष्णतेनें तापतें, आणि दुसऱ्या भेगेनें वर येतें. दख्खनचा लाव्हारस साडेसहा कोटी वर्षांपूर्वींचा. तो केव्हांच निवाला, त्याचा येथें संबंध नाहीं. दोन्ही हकीकतींत एक गोष्ट समान आहे: वर आलेलें पाणी खालची ऊब घेऊन येतें, पण ती कोठून आली हें पाहणाऱ्याला दिसत नाहीं.

१९८० च्या सुमारास, वाशीम अकोला जिल्ह्यांत होतें तेव्हां, दोन-तीन वर्षें आई, आक्का आणि आम्ही पौषांत उनकेश्वरला जात असूं. पुसद, माहूर असें करीत एस्. टी.नें दिवसभर जायचें आणि आठ दिवस एका खोलींत बिऱ्हाड करायचें. नवस आहे, एवढेंच आम्हांस सांगण्यांत आलेलें. शेजारच्या बिऱ्हाडांतील मुलांनीं पहिल्याच दिवशीं बातमी दिली कीं, पहांटे कुंडावर एक बाई वाफेंतून वर येते, तिच्या पायांचा आवाज होत नाहीं, आणि कोंबडा आरवण्यापूर्वीं ती नाहींशी होते.

तिसऱ्या पहांटे आम्हांस जाग आली. खिडकीबाहेर धुक्यांत वाफ मिसळली होती, आणि तींतून एक पांढुरकी आकृति खरोखरीच वर आली. आम्ही आईला हांक मारावयास वळलों, तों तिचें अंथरूण रिकामें. दिवस वर आल्यावर खोलीच्या मागच्या बाजूस, जेथें कोणी जात नसे, आईचें ओलें लुगडें आढळलें. सकाळीं इतर बायका कुंडावर निघाल्या तेव्हां मात्र आई म्हणाली, 'तुम्ही व्हा पुढें, माझें मागाहून.' घरींदारीं उन्हाळ्यांतही ती लांब बाह्यांची चोळी घाली, हें तेव्हां आठवलें.

आम्ही आक्काला विचारलें. ती कांहीं वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, 'आईच्या पाठीवर कोड आहे. कोणाजवळ बोलूं नकोस. माझ्या लग्नाचें चाललें आहे ना!'

पुढें आक्काचें लग्न झालें, आणि त्यानंतर आई उनकेश्वरला कधींच गेली नाहीं. डाग तर वाढत होते. ती तेथें स्वतः बरें होण्यासाठीं गेलीच नव्हती, हें आमच्या ध्यानांत यावयास आणखी कित्येक वर्षें लागलीं.

कोड हा संसर्गजन्य नाहीं. महारोगाशीं त्याचें कांहीं नातें नाहीं. शरीराची संरक्षक शक्ति स्वतःच्याच रंगपेशींवर उलटते, आणि तेवढी कातडी पांढरी पडते, इतकेंच. ऊन पाण्यानें तो रंग परत येत नाहीं. परंतु हें ज्ञान त्या वेळीं आमच्या घरीं असतें, तरी आई पहांटेच गेली असती. कारण ती रोगाला भीत नव्हती. उजेडांत उभ्या असलेल्या चार बायकांच्या नजरेला भीत होती. अंधाराला सगळे भितात म्हणून भूत अंधारांत राहतें, असा समज आहे. आमच्या भुतानें अंधार पत्करला होता तो लोक उजेडांत राहतात म्हणून.

यावरून आम्हांस असें वाटूं लागलें आहे कीं, कोडें उलगडणें हें अर्धेंच काम. ओरेकी झग्यापर्यंत पोंचला; त्याच्या पुढचा प्रश्न, धाकटीला इतकें भय कां वाटावें हा, त्या घरानें सोडवावयाचा होता. थोरलीनें तिला पाठीवर घेतलें, हें त्याचें उत्तर म्हणावें तर म्हणावें. समाज ही थोरली बहीण आहे. प्रत्येक वस्तूवर ती आपलें नांव घालते, आणि कोण कशाला भिऊन काय लपवीत आहे, हें तिच्या कानांवर जात नाहीं. तिला फक्त खिडकींतली छाया दिसते, आणि तिची ती गोष्ट करते.

हा लेख लिहिण्यापूर्वीं आम्ही आक्काची संमति विचारली. आतां ती आजी झाली आहे. 'लिही कीं,' ती हंसून म्हणाली, 'आतां कोणाचें लग्न अडणार आहे?' मग दारापर्यंत जाऊन ती परत फिरली आणि आवाज उतरवून म्हणाली, 'घराण्याचें नांव मात्र घालूं नकोस. नात लग्नाची आहे.'

म्हणून तें घातलेलें नाहीं. भुताखेतांवर आमचा विश्वास नाहीं, हें वाचकांस सांगावयास नकोच. परंतु त्या पहांटे वाफेंतून वर आलेलें जें कांहीं होतें, तें अजून आमच्या घरांतून गेलेलें नाहीं, हें मात्र प्रामाणिकपणें नमूद केलें पाहिजे.