आजीला आता अवधाण येत नाही

‘अवधाण’ म्हणजे काय, हे उद्या लंचला टेबलावर विचारून बघा. ज्यांचं गाव सुटलं नाही, ते सांगतील. बाकीचे मोबाइल काढतील. पायाला जखम झाली की जांघेत दुखरी गाठ येते, ती अवधाण. हाताला लागलं तर काखेत येते. शाळेच्या पुस्तकात त्या जागेला ‘लसिका ग्रंथी’ म्हणायचे, डॉक्टर ‘लिम्फ नोड’ म्हणतात. कंपनीच्या हेल्थ चेकअप पॅकेजमध्ये कोलेस्टेरॉल असतं, शुगर असते, पण या बिचाऱ्या ग्रंथींचा रिपोर्ट काही येत नाही.

मला हा शब्द आजीकडून मिळाला. ती नाणे मावळात राहते, कामशेतच्या आतल्या अंगाला. सगळं आयुष्य भातखाचरात अनवाणी गेलं. वय अठ्ठ्याहत्तर, तरी लावणीच्या दिवसांत रोपांच्या मुठी बांधायला बसतेच. गेल्या पावसाळ्यात तिच्या पायात धसकट घुसलं. तात्यांनी हळद लावली, पट्टी बांधली. चौथ्या दिवशी पाय गुडघ्यापर्यंत लाल. पण अंगात ताप नाही, जांघेत गाठ नाही. तात्यांचं म्हणणं, “ताप न्हाई, मंजे काळजी न्हाई.” आजी मात्र चुलतभावाला तिच्या वारलेल्या भावाच्या नावाने हाक मारायला लागली, आणि जेवणाला नको म्हणाली. चुलतभावाने गाडी काढली. तळेगावला ॲडमिट केलं, सलाइनमधून अँटिबायोटिक सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, अजून एक-दोन दिवस गेले असते, तर जंतू रक्तात पसरले असते.

बरी झाल्यावर तीच म्हणाली, “आमच्या येळंला नुसतं खरचटलं तरी जांघंत अवधाण यायचं, रातभर ठणकायचं. आता येवढं झालं, पन अवधाण न्हाई बघ.”

म्हातारीचं निरीक्षण म्हणून मी ते सोडून देणार नव्हते. वाचत गेले, डॉक्टरांना विचारत गेले. आजी बरोबर होती.

आयटीवाल्यांना हे चटकन कळेल. छातीच्या हाडामागे थायमस नावाचा एक मऊ अवयव असतो. ते समजा ट्रेनिंग सेंटर. तिथून टी पेशी नावाचे फ्रेशर्स बाहेर पडतात आणि शरीरभर पसरलेल्या पाच-सहाशे लसिका ग्रंथींमध्ये आळीपाळीने बेंचवर बसतात. प्रत्येकाला काम एकच येतं, एका ठरावीक जंतूचा ठरावीक तुकडा ओळखणं. पायात धसकट घुसलं की तिथल्या निरोप्या पेशी जंतूचे तुकडे उचलून थेट जांघेतल्या ग्रंथीत पोचतात आणि बेंचवर कुणाला हे ओळखता येतं का, ते बघतात. जमलं, की त्या एका पेशीच्या काही दिवसांत हजारो कॉपी तयार होतात. अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशींचं ट्रेनिंगही तिथेच चालतं. या गर्दीने ग्रंथी फुगते, ठणकते. २०२१ मध्ये कोव्हिडची लस दंडात घेतल्यावर काहींच्या काखेत गाठ आली होती, तीही हीच गर्दी.

आता वय वाढतं तेव्हा काय होतं? थायमस आक्रसायला सुरुवात होते ती साठीत नाही, तर आपण शाळेत असतानाच. पुढे तिथे चरबी भरत जाते. फ्रेशर्स यायचे कमी होतात. ग्रंथींचंही तेच होतं. आतले कप्पे विस्कटतात, काही भागात चरबी आणि चिवट तंतू साठतात, पेशींना धरून ठेवणारी जाळी विरते. निरोप्या पेशी निरोप घेऊन येतात, पण ऑफिस अर्धं रिकामं. मग गाठ येत नाही, आली तर उशिरा. लसीतूनही तरुणांइतक्या अँटिबॉडी बनत नाहीत.

तापाचंही तसंच. गंभीर संसर्ग झालेल्या वृद्धांपैकी साधारण २० ते ३० टक्क्यांना ताप कमी येतो किंवा येतच नाही. भूक जाणं, अचानक बरळणं, तोल जाऊन पडणं, हीच त्यांची थर्मामीटरची रीडिंग. आई-बाबांना फोनवर आपण पहिलं काय विचारतो? “ताप आहे का?” नाही म्हणाले की आपण परत मीटिंगमध्ये. “जेवलात का? काल काय जेवलात?” हा प्रश्न जास्त कामाचा आहे.

पण ‘म्हाताऱ्यांची इम्युनिटी कमी’ हे सरसकट वाक्य मला पटत नाही. फ्रेशर्स नसले तरी सिनियर असतात ना! जुने जंतू ओळखणाऱ्या स्मृतिपेशी दशकानुदशकं टिकतात. २००९ चा स्वाइन फ्लू आठवा, पुण्यात शाळा आणि मल्टिप्लेक्स बंद झाली होती तो. त्या साथीत तरुणांना जास्त फटका बसला. १९५७ च्या आधी जन्मलेल्या बऱ्याच जणांना त्याच्या जुन्या भाईबंदांची ओळख होती. आजीची पिढी त्यातलीच. २०२० मध्ये उलटं झालं. कोव्हिडचा विषाणू सगळ्यांना नवा, म्हणजे सगळी मदार फ्रेशर्सवर, आणि ते ज्यांच्याकडे नव्हते तेच सर्वांत जास्त गेले.

थोडं गाठींबद्दल, कारण याची दुसरी बाजू सांगायलाच हवी. जुनी माणसं ‘गाठ’ म्हटलं की दचकतात, आणि ते उगाच नाही. १८९७ च्या पुण्याच्या प्लेगमध्ये जांघेत किंवा काखेत गाठ येणं हीच रोगाची खूण होती. जंतू त्या ग्रंथीतच ठाण मांडून वाढायचे. रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले त्याच साथीत १० मार्च १८९७ रोजी गेल्या. आज भीती वेगळी आहे. अवधाण दुखतं आणि जखमेबरोबर ओसरतं. म्हाताऱ्या माणसाच्या मानेत, काखेत किंवा गळपट्टीच्या हाडावर न दुखणारी, टणक गाठ तीन-चार आठवडे तशीच राहिली, तर ती दाखवायची. टीबी असू शकतो, कॅन्सरही असू शकतो. “दुखत न्हाई, ऱ्हाऊ दे” हे तिथे चालत नाही.

लोणावळ्याला बंगला घेऊन आई-बाबांना तिथे ठेवायचं, ‘हवा चांगली आहे, इम्युनिटी वाढेल,’ असं आमच्या ऑफिसात दोघं-तिघं म्हणतात. हवा चांगली आहे, वादच नाही. पण हवेने थायमस परत उगवत नाही, आणि काढ्यानेही नाही. चालण्या-फिरण्याचा मात्र खरा संबंध दिसतो. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी वर्षानुवर्षं सायकल चालवणाऱ्या ५५ ते ७९ वयाच्या १२५ जणांना तपासलं. त्यांच्या रक्तात थायमसमधून नुकत्याच निघालेल्या टी पेशी व्यायाम न करणाऱ्या समवयस्कांपेक्षा बऱ्याच जास्त होत्या. म्हणजे बंगला घेतलात तर पोर्चमध्ये आरामखुर्ची टाकण्याआधी वलवणच्या रस्त्याला चालायला न्या.

आणि लसी. अर्धं रिकामं ऑफिस हलवायचं, तर आवाज मोठा लागतो. साठी-पासष्टीच्या पुढच्यांसाठी फ्लूच्या जास्त ताकदीच्या लसी निघाल्या, त्या यासाठीच. नागिणीचं उदाहरण तर झकास. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंत झोपून राहतो आणि टी पेशींचा पहारा ढिला पडला की उठतो. नागिणीची दोन टोकं जुळली की माणूस मरतो, असं गावात अजून म्हणतात. तसं काही नसतं, पण मागे राहणारं दुखणं महिनोन्‌महिने छळतं. २०२३ पासून भारतात शिंग्रिक्स ही लस मिळते, पन्नाशीच्या पुढच्यांसाठी. तिच्यात चिली देशातल्या एका झाडाच्या सालीचा अर्क असतो, तो ग्रंथींना अक्षरशः डिवचतो. सत्तरीच्या पुढच्या लोकांतही चाचणीत सुमारे ९० टक्के संरक्षण मिळालं. थकलेल्या ग्रंथी डिवचल्या तर उठतात, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

किंमत मात्र खिशाला चाट लावणारी. आजीने आकडा विचारला आणि म्हणाली, “येवढ्यात शेळी येती गं.” बराच वेळ घासाघीस झाली, जणू लस मी विकत होते. शेवटी पहिला डोस झाला. दुसरा दोन ते सहा महिन्यांत घ्यायचा असतो. तो मेमध्येच उरकायचा आहे, फ्लूच्या लसीबरोबर. एकदा पाऊस लागला की तिला खाचरातून बाहेर कोण काढणार?