सामायिक दप्तर

कुंभकोणम्‌जवळच्या मरुदानल्लूर या गावी सद्गुरुस्वामींचा मठ आहे. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांच्या संधिकाळातील या सत्पुरुषाचे नाव दक्षिणेतील संप्रदाय-भजनाशी कायमचे जोडले गेले, ते मुख्यतः पदरचनेमुळे नव्हे. भजनाचा क्रम त्यांनी बांधून दिला म्हणून. तोडय मंगळम्, गुरुस्तुती, जयदेवाच्या अष्टपदी, नारायणतीर्थांची तरंगे, तेलुगू व कन्नड कीर्तने अशी या भजनाची पंगत असते, आणि तीत मराठी अभंगालाही पाट मांडलेला आहे. देवनागरीचे एक अक्षरही न ओळखणारा गायक तमिळ लिपीत उतरवून घेतलेला अभंग तेथे तन्मयतेने गातो. उच्चार थोडे निराळे पडतात, एवढेच. लिपी हे साधन होते, ते पालटले; क्रम हा संकेत होता, तो टिकला.

साधन आणि संकेत यांतील हा भेद संगणकाच्या व्यवहारातही अनपेक्षितपणे प्रत्ययास येतो. याच परिसरातील एखादा निवृत्त प्राध्यापक कल्पावा. तंजावरच्या मराठी कागदांच्या छायाप्रती त्याने घरातील एका विंडोज यंत्रावर सामायिक फोल्डरात साठविल्या आहेत. स्वतः तो लिनक्सवर काम करतो. एका लहानशा खिडकीत शेजारच्या यंत्रांची नावे उमटत, नावावर टिचकी मारली की दप्तर उघडे होई. एके दिवशी प्रणालीची नवी आवृत्ती बसते आणि ती खिडकी नाहीशी होते. खटपट करून जुना प्रोग्राम परत आणावा, तर यादी कोरी. आयुष्यभराचा संग्रह गेला, असेच त्याला प्रथम वाटते.

वस्तुतः काहीच गेलेले नसते. विंडोज यंत्रे फोल्डर वाटून घेताना ज्या संकेताने बोलतात, त्याचे नाव एसएमबी. कॅनबेरा येथील अँड्र्यू ट्रिजेल या संशोधक विद्यार्थ्याने 1991-92 च्या सुमारास तारेवरून जाणारे यंत्रांचे संभाषण न्याहाळून त्या संकेताची उकल केली. पुढे नाव बदलण्याची वेळ आली, तेव्हा एस, एम, बी ही अक्षरे क्रमाने येणारे शब्द त्याने कोशात धुंडाळले आणि ‘सांबा’ हे नाव निवडले. कोशाचा असा उपयोग भाषाशास्त्रज्ञांना सुचला नसता. या पायावर पुढे अनेक खिडक्या उभ्या राहिल्या. लिननेबरहुड ही त्यांपैकी एक. तिची देखभाल थांबली, आणि फोल्डर जोडण्यासाठी ती ज्या जुन्या ‘एसएमबीएफएस’ या घटकावर विसंबून होती, तोही कालांतराने लिनक्सच्या गाभ्यातून काढला गेला. त्याची जागा ‘सिफ्स’ने घेतली. फावल्या वेळात, विनामोबदला लिहिलेले प्रोग्राम कर्त्याने सोडून दिले, तर त्याला दोष देणे कृतघ्नपणाचे होईल.

यादी कोरी होण्याचे कारण मात्र याहून खोल आहे. मे 2017 मध्ये ‘वॉनाक्राय’ या उपद्रवाने एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतील छिद्रातून जगभर शिरकाव केला. त्याच वर्षाच्या अखेरीस विंडोजने नव्या स्थापनेत ती आवृत्ती वगळली. 2019 मध्ये सांबानेही ती मुळातच बंद ठेवण्यास सुरुवात केली. निर्णय योग्यच होता. परंतु शेजारच्या यंत्रांची नावे पुकारण्याची जुनी रीत त्या पहिल्या आवृत्तीच्या आधाराने चालत असे. दार बंद करताना दारावरची पाटीही उतरली. घर जागच्या जागी होते, पाटी वाचून येणाऱ्याला तेवढे ते सापडेना.

ज्याला पत्ता ठाऊक आहे, त्याला पाटी लागत नाही. विंडोज यंत्राचा आकडी पत्ता आणि सामायिक फोल्डरचे नाव एवढे कळले, की फाइल दाखविणाऱ्या नेहमीच्याच खिडकीत आरंभी ‘एसएमबी’ घालून तो पूर्ण पत्ता लिहावा, दप्तर उघडते. ते नित्य जोडलेले हवे असल्यास ‘एफएसटॅब’ या फाइलीत एक ओळ लिहावी आणि परवलीचा शब्द इतरांना न दिसणाऱ्या वेगळ्या फाइलीत ठेवावा. ही ओळ पहिल्यांदा लिहिताना हात अडखळतो. तथापि खिडकीच्या सोयीने वापरणाऱ्याला एक गोष्ट कधीच शिकू दिली नव्हती: आपले कागद नेमके कोठे आहेत.

याच कागदांनी यापूर्वी एका साधनाचा अस्त पाहिला आहे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर 1803 मध्ये कोरविलेला भोसले वंशाचा इतिहास देवनागरीत आहे. शाळकरी मराठी मुलालाही तो अक्षरे लावून वाचता येईल. त्याच राज्याचे दैनंदिन दप्तर मोडीत आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून शिकविली जाणारी ही लिपी पुढे सुटली, आणि रुमाल शाबूत असूनही वाचणारे मोजकेच उरले. जून 2014 मध्ये युनिकोडने मोडीला स्थान दिले. मोडी टंकित करण्याची सोय त्यामुळे झाली. शंभर-दोनशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाचे धावते हस्ताक्षर लागण्याची सोय त्याने होत नाही.

प्राध्यापक पत्ता लिहितो. क्षणभर काहीच होत नाही, मग छायाप्रतींची रांग पडद्यावर उमटते. तो पहिला कागद मोठा करून पाहतो. तिसऱ्या ओळीत मोडीतला ‘र’ शेजारच्या अक्षराच्या पोटात शिरला आहे, आणि ते अक्षर कोणते, हे अजून लागायचे आहे.