धमकी व टोमणे : परिपत्रक क्रमांक १

शत्रूवर हात उचलण्यापूर्वी त्याला चार शब्द सुनवावेत, ही आपल्याकडची फार जुनी रीत आहे. आमच्या मढला तर तिचे वर्गच चालतात म्हणा ना! इथल्या बंगल्यांतून सिनेमांचं आणि मालिकांचं शूटिंग चालू असतं. खलनायक हीरोवर पिस्तूल रोखतो आणि इतका वेळ बोलत राहतो, की तेवढ्यात माणूस फेरीबोटीनं वर्सोव्याला जाऊन, भाजी घेऊन परत यावा. गोळी सुटायची ती सुटत नाहीच.

पण बोलण्यालाही नियम हवेत, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होतं. शिमग्याला बोंब ठोकायची मुभा असते, पण तिथी संपली की तोंड मिटायचं. कवित्व उरलंच तर ते ज्याचं त्यानं निस्तरायचं. महाभारतात युद्धाआधी दोन्ही पक्षांनी मिळून जे नियम ठरवले, त्यांत एक असा आहे, की जो शब्दांनी लढायला आला त्याच्याशी शब्दांनीच लढावं. भीष्मपर्वाच्या अगदी सुरुवातीला तो सापडतो. पुढच्या अठरा दिवसांत नियमांचं काय झालं, ते सर्वांना माहीत आहेच.

हे सारं आठवायचं कारण म्हणजे आमच्या घरी दर रविवारी होणारं युद्ध. आमची कन्या, तिच्या दोन मैत्रिणी आणि कोळीवाड्यातला तिचा एक वर्गमित्र बाहेरच्या खोलीत चटईवर बसतात. समोर माझा भाचा. खेळाचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी अमेरिकेत १९७४ साली तो छापला. प्रत्येकानं एक सोंग घ्यायचं, कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी शाहीर. भाचा गोष्ट सांगणार, राक्षसही तोच होणार, आणि कुणाचं काय साधलं ते वीस बाजूंचा फासा सांगणार. शेवटी जिंकतं कोण, असं मी विचारलं. "कुणीच नाही, मामा." हे ऐकून मला एकदम बँकेत असल्यासारखं वाटलं.

भांडण झालं ते धमकीवरून. या खेळात दुसऱ्याला घाबरवणं ताकदीवर नसतं, ते माणसाच्या वजनावर असतं. वजन म्हणजे किलोतलं नव्हे, छापातलं. त्यामुळे कन्येचा सहा फुटी योद्धा लोखंडी गज वाकवून दाखवतो तरी भुतावळ हसते, आणि मैत्रिणीचा काटकुळा शाहीर नुसता खाकरला की पळ काढते. शिवाय शाहिराकडे एक मंत्र आहे. शत्रूला लागेल असं बोलायचं. ते लागलं तर त्याला जखम होते आणि त्याचा पुढचा वारही डळमळतो. त्यातही गंमत अशी, की शत्रूला ते ऐकू आलं पाहिजे, समजलं पाहिजे असं नाही. त्यामुळे आमच्याकडे ड्रॅगनला अस्सल मराठीत शिव्या बसतात.

"मामा, तू बँकेत आहेस ना? मग घरचे नियम तूच लिही," भाचा म्हणाला. तेवीस वर्षं इतरांची परिपत्रकं वाचण्यात गेलेल्या माणसाला स्वतःचं एक काढायला मिळणं ही केवढी गोष्ट! हल्ली आम्हाला क्लार्क म्हणत नाहीत, असोसिएट म्हणतात. पण परिपत्रक काढायला सांगण्याइतकी बढती ही पहिलीच.

नियम पहिला : एका पाळीत एकच, जीभ किंवा तलवार. धमकी द्यायची तर तेवढ्यापुरता वार सोडायचा. कॅश काउंटरवर बसलेल्या माणसाला याची कारणं सांगावी लागत नाहीत. गिऱ्हाइकाशी भांडत भांडत नोटा मोजून पाहा!

नियम दुसरा : कशानं घाबरवणार ते आधी सांगायचं. गज वाकवणार असाल तर ताकद मोजू, डोळे रोखणार असाल तर वजन मोजू. खेळाच्या पुस्तकातही ही मुभा आहे, असं भाच्यानंच दाखवलं. माझं स्वतःचं मत मात्र वजनाच्या बाजूनं आहे. आमच्या शाखेत दाराशी बंदूकधारी पहारेकरी आहे, त्याला लहान मुलंसुद्धा वेळ विचारतात. आणि पासबुकाच्या खिडकीतल्या बाई चष्म्यावरून नुसत्या पाहतात, तर निवृत्त फौजदार "सावकाश होऊ द्या" म्हणून बाकावर जाऊन बसतात.

नियम तिसरा : एकाच शत्रूला एकच धमकी दुसऱ्यांदा चालणार नाही. थकलेल्या कर्जदारांना स्मरणपत्रं धाडणाऱ्या कुणालाही विचारा. पहिल्या पत्रानं झोप उडते, दुसऱ्याचं पाकीट फुटत नाही, तिसऱ्याच्या पाठीवर वाण्याचा हिशेब असतो. ज्याच्याकडे गमावण्यासारखं काही उरलेलं नाही त्याला तर पहिलंही लागू नाही. सबब सांगाडे आणि भुतं यांना धमकी माफ.

नियम चौथा : घाबरलेल्याला पळायला दार ठेवायचं. कोपऱ्यात गाठलेलं मांजरसुद्धा अंगावर येतं. रिझर्व्ह बँकेनंही २०२२ साली बजावलं, की वसुलीसाठी धाकदपटशा करू नये, आणि सकाळी ८ च्या आधी व संध्याकाळी ७ नंतर फोनही करू नये. राक्षसाला कर्जदारापेक्षा वाईट वागवण्याचं काही कारण मला दिसेना.

नियम पाचवा : टोमणा बसला, की शत्रू टोमणा मारणाऱ्याच्याच अंगावर येणार. यालाही आधार महाभारताचाच. दुर्योधन डोहात दडला तेव्हा युधिष्ठिरानं त्याला बोलून बोलून बाहेर काढलं, आणि बोलण्याच्या भरात, आमच्यातल्या एकाला हरव नि राज्य घे, असंही म्हणून बसला. श्रीकृष्ण संतापला तो उगीच नव्हे. टोमण्याचं बिल हे असं मारणाऱ्याच्या नावावर फाटतं.

पाच नियम वाचून झाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हा दिवसभरात चार वाक्यं बोलणारा तो कोळीवाड्यातला मुलगा म्हणाला, "काका, अजून एक लिवा. शाळेत जे आपल्याला म्हणतात, ते राक्षसालापण म्हणायचं नाय."

खोलीत कुणी काही बोललं नाही. त्याची आई मासळी विकते. वर्गात काही पोरं त्याच्या शेजारी बसताना नाकाला रुमाल लावतात, हे कन्येनं मागे एकदा आईला सांगितलं होतं. भाच्याच्या राक्षसाला त्या दिवशी शाहिरानं "वास मारतोस" म्हटलं होतं, आणि सगळे हसले होते. एकजण हसला नव्हता, ते आता सगळ्यांच्या लक्षात आलं. शाहिरानं खाली मान घालून पेन्सिल घेतली आणि सहावा नियम स्वतःच्या हातानं लिहिला.

परिपत्रक अमलात आलं त्याच रविवारी. जादूगारीण जवळजवळ मेलेली, समोर पंधरा फुटी दैत्य गदा उगारून उभा. कन्येची तलवार पोचत नव्हती. तो मुलगा गुडघ्यांवर उठला आणि ओरडला, "ए लांबड्या! तिला काय मारतोस? हिंमत असेल तर इकडं ये!" आवाज एवढा, की स्वयंपाकघरातून आमची ही लाटणं घेऊनच बाहेर आली. फासा घरंगळत कपाटाखाली गेला. सगळे पालथे पडून बघायला लागले. एकोणीस!

पाचव्या नियमाप्रमाणे दैत्य वळला, त्याच्यावर आला, आणि त्याला चटईवर आडवा केला. वाचलेल्या जादूगारिणीनं मग दैत्याची राख केली. पडल्या पडल्या पोरगा असा काही हसत होता, की मी पेन काढून पाचव्या नियमाखाली सही केली आणि शिक्का म्हणून त्यावर चहाचा कप टेकवला.