वैद्य पाहिजे!

खेळाडू मागेल ती सोय दिली म्हणजे तो तृप्त होतो, हें आम्हांस पटत नाहीं. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या २००४ सालीं निघालेल्या ऑनलाईन खेळाचेंच पाहा. घरोघरचीं माणसें एकाच मायावी प्रदेशांत योद्धा, मांत्रिक, वैद्य अशीं सोंगें घेऊन हिंडतात. गुहेंतील राक्षस मारावयास पांच जण लागत. म्हणून नगरांत ‘वैद्य पाहिजे!’ अशी हांक घालावी, सोबती जमवावे, आणि गुहेपर्यंत वाट तुडवीत जावें. आमच्या चिरंजीवांचा एक परदेशस्थ स्नेही या हांकेनेंच जोडलेला.

खोळंब्याची तक्रार झाली. डिसेंबर २००९ मध्यें कळ दाबतांच सोबती मिळूं लागले, तेहि निरनिराळ्या सर्व्हरांवरचे. आम्ही शेजारीं बसून पाहिलें: पांच जण आले, राक्षस मारला, अक्षर न बोलतां पांगले! पंगतींत वाढप्याशींहि माणूस याहून अधिक बोलतो.

पुढें ‘जुनाच खेळ द्या’ हा धोशा सुरू झाला, आणि ऑगस्ट २०१९ मध्यें तो मिळालाहि. पूर्वीं ज्या अग्निदैत्यास मारावयास महिने लागले, तो आठवड्याच्या आंत पडला. पंधरा वर्षांचीं टिपणें सर्वांजवळ होतीं. (उत्तरें पाहून गणितें सोडविणारे विद्यार्थी आम्ही पुष्कळ पाहिले आहेत.) निर्मात्यांस दोष कसा द्यावा? त्यांनीं दोन्ही वेळां मागितलें तेंच दिलें.

चिरंजीवांनीं मोठ्या उमेदीनें पुन्हां त्या नगरांत जाऊन हांक घातली. उत्तर आलें तें एवढेंच: ‘शस्त्रें कोणतीं आहेत?’