गाडीचा नंबर आणि रजिस्टरातली तारीख



गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी मामांच्या गावी गेलो होतो. त्यांच्या गोठ्याच्या कोपऱ्यात एक जुनी जावा मोटारसायकल पोत्यांखाली झाकून ठेवली आहे. लाल टाकी, एका सिलिंडरला दोन सायलेन्सर, आणि किक मारून झाली की तीच दांडी खाली वळवून गियरसाठी वापरायची. लहानपणी याच गाडीच्या टाकीवर बसून मी जत्रेला गेलो आहे.

मामा आता ऐंशीच्या पुढे आहेत. म्हणाले, "गुरुजी, एवढ्या पोरांना शिकवता, तर ही गाडी कोणत्या सालची ते शोधून द्या. पन्नास वर्षांच्या गाडीला सरकार वेगळा नंबर देतंय म्हणे."

मामांचे म्हणणे खरे होते. केंद्र सरकारने 2021 च्या जुलैमध्ये जुन्या वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकीला 'व्ही.ए.' अक्षरांचा खास नंबर मिळतो. फी वीस हजार रुपये असून नोंदणी दहा वर्षे चालते.

अडचण कागदाची होती. आर.सी. बुकात 1979 साल लिहिलेले. मामा म्हणाले, "हे कसं होईल? तुझ्या आईच्या लग्नाला मी हीच गाडी घेऊन आलो होतो." आईचे लग्न 1968 चे. मूळ पुस्तक हरवल्यावर एका एजंटामार्फत दुसरे काढले होते. त्यात साल कोणी सांगितले, कशावरून लिहिले, हे आता कोणालाच आठवत नाही. पुस्तक खरे धरले तर 2029 पर्यंत थांबायचे. मामा हसून म्हणाले, "तोवर गाडी राहील, मी राहीन का?"

मग आम्ही गाडीलाच विचारायचे ठरवले. रॉकेलचा बोळा आणि तारेचा ब्रश घेऊन हँडलखालच्या मानेवरचे ग्रीस काढले. त्यावर कागद धरून पेन्सिल फिरवली तसा चेसिस नंबर कागदावर उमटला. आर.टी.ओ.साठी असाच पेन्सिलचा ठसा घेतात.

नुसत्या नंबरवरून साल कळत नाही. त्यासाठी गाड्यांचा इतिहास माहीत लागतो. जावा मूळची चेकोस्लोव्हाकियाची. आपल्या कर्नाटकात म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात ती 1961 पासून तयार होऊ लागली. 1973 पासून त्याच कारखान्याच्या गाड्यांवर 'येझदी' हे नाव आले आणि 1996 मध्ये कारखाना बंद पडला. म्हणजे टाकीवर 'जावा' असलेली गाडी 1979 ची असणे अवघड. पण टाकी बदलता येते, तेव्हा तो पुरावा अर्धाच. मूळ कागद शाबूत असलेल्या आणखी दोन जावांचे चेसिस नंबर ओळखीच्या मेकॅनिकने मिळवून दिले. एक 1966 ची, दुसरी 1969 ची. कारखान्यात नंबर क्रमाने पडत जातात. मामांच्या गाडीचा नंबर बरोबर त्या दोघींच्या मध्ये बसला. मामांची आठवण खरी निघाली.

आनंद फार टिकला नाही. इंजिनावरचा नंबर पुस्तकाशी जुळेना. इंजिन मधे कधीतरी बदललेले होते, पण त्याची नोंद केलेली नव्हती. मेकॅनिक म्हणाला, "त्यात काय! जुना नंबर घासून पुस्तकातला पंच करून देतो. तासाभराचं काम आहे." खरे सांगतो, क्षणभर मलाही ते सोपे वाटले. मामा मात्र म्हणाले, "नको. एवढी वर्षं गाडी खरी आहे. आता म्हातारपणी तिला खोटी कशाला करायची?"

मी गप्प झालो, कारण मला दुसरीच गोष्ट आठवली.

1999 साली मी एका शाळेत नवीन शिक्षक होतो. एक आजी नातवाचे नाव घालायला आली. जन्मतारीख विचारली तर म्हणाली, "गणपती बुडवले, पहाटे भूकंप झाला, त्यानंतर पंधराव्या दिवशी झाला बघा." दाराशी रांग होती. मी रजिस्टरात 1 जून 1993 लिहून टाकले. माझी स्वतःची तारीखही 1 जूनच आहे आणि माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांची तीच होती. मला त्यात काही वावगे वाटले नाही.

किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेचा. पंधरा दिवस बोटावर मोजले असते तर ऑक्टोबरची तारीख मिळाली असती. आजीने मला पक्का पुरावा दिला होता, मीच तो उतरवून घेतला नाही. पुढे 2014 मध्ये तो मुलगा सैन्यभरतीला गेला आणि काही आठवड्यांनी वय जास्त म्हणून परत आला. खऱ्या तारखेने तो बसत होता. मला भेटला तेव्हा रागावला नाही. "सर, नशीब," एवढेच म्हणाला. ते नशीब नव्हते, माझे अक्षर होते.

जन्माच्या वेळी पडलेला ठसा आणि मागाहून कोणी लिहिलेला कागद यांत फरक पडू शकतो. आणि सरकारदरबारी पुष्कळदा कागदच चालतो. म्हणूनच कागद लिहिणाऱ्याने हात जपून चालवावा.

मामांनी साल दुरुस्तीचा अर्ज केला आहे. त्यात इंजिन बदलल्याचेही स्पष्ट लिहिले आहे. निकाल यायचा आहे.

पालकांना विनंती, मुलाची जन्मतारीख रजिस्टरात कशी लिहिली आहे ती शाळेत येऊन एकदा डोळ्यांनी पाहा. दहावीच्या प्रमाणपत्रावर छापली गेली की ती बदलणे फार कठीण होते. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना तर शाळाप्रवेशासाठी जन्मदाखलाच पुरावा राहणार आहे. तो वेळेवर काढा.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एक गृहपाठ. आपल्या खजुरीच्या रस्त्यावर के.ए. 32 बरोबर एम.एच. 13 आणि एम.एच. 25 च्याही गाड्या धावतात. त्या पाटीवरून गाडी कुठे नोंदली ते कळते. गाडी कधी बनली, हे घरच्या गाडीच्या सतरा अक्षरी चेसिस नंबरात शोधा. सुरुवातीला 'एम.डी.2' असेल तर बजाज, 'एम.बी.एल.' असेल तर हिरो. बहुतेक गाड्यांत दहावे अक्षर सालाचे असते. 2001 ते 2009 साठी 1 ते 9 हे आकडे, 2010 साठी 'ए', 2011 साठी 'बी' असे पुढे. आय, ओ आणि क्यू ही अक्षरे आकड्यांशी घोटाळा होऊ नये म्हणून वगळली आहेत. त्यामुळे 'एच' म्हणजे 2017 आणि 'जे' म्हणजे 2018.

मग ते साल आर.सी. बुकाशी ताडून पाहा. जुळले तर उत्तम. नाही जुळले तर वडिलांना सांगा, आणि मलाही.

आपला,
मुख्याध्यापक