बॅग बसमध्ये आहे

संपादकांना हवी होती यादी. गडावर जाताना सोबत न्यायच्या वस्तू, शक्यतो दहा, जमल्यास चौकटीत. त्यांची भाची नुकतीच मुंबईहून जहाजाने लक्षद्वीपला जाऊन आली. बेटावर उतरताना छोट्या पिशवीत काय घ्यायचं, याचा छापील कागद तिला जहाजावर मिळाला होता. तसंच काहीतरी शहापूर-मुरबाडच्या गडांसाठी लिहा, तुमच्याकडे तर अशी माणसं नेहमी येतात, असं ते फोनवर म्हणाले.

येतात खरी. पण त्यांच्या सामानात काय कमी असतं याची यादी मला करता येणार नाही, कारण सामानात सगळं असतं. टॉर्च असते, शिट्टी असते, ओआरएसच्या पुड्या असतात, बँडेज तर गावजेवणाला पुरेल एवढं. फक्त ते सामान बसमध्ये असतं. दवाखान्याच्या दारात माणसाला उतरवून घेताना मी विचारते, औषधं कुठली चालू आहेत? उत्तर ठरलेलं: "मॅडम, बॅग बसमध्ये आहे."

मी शहापुरात प्रॅक्टिसला बसले तेव्हा माहुली गडावर येणारी मंडळी आसनगावला लोकलमधून उतरत. पाठीवर एकच सॅक, ती ठेवायला जागाच नाही, म्हणून गडावरही तीच. आता ग्रूप मिनीबसने येतात. मोठी सॅक सीटखाली राहते आणि वर जाते ती कमरेची थैली, अर्ध्या लिटरची बाटली आणि सेल्फी स्टिक. माहुलीच्या बाबतीत निदान बस पायथ्याला तरी असते. साम्रदहून सांदण दरी उतरून खाली डेहण्याला निघणाऱ्यांची बस घोटी, कसारा, शहापूर, डोळखांब असा वळसा घालून येते. वैशाखऱ्याला उतरून नाणेघाट चढणाऱ्यांची बस माळशेज घाटाने जुन्नरच्या अंगाला जाते. म्हणजे दिवसाचे ऐन कष्टाचे तास तुम्ही एका जिल्ह्यात आणि तुमच्या गोळ्या दुसऱ्या जिल्ह्यात. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच नाणेघाटाने वर जायचा. तेव्हा माणूस आणि माल एकाच वाटेने चालत होते.

दोन वर्षांपूर्वीचा एक पेशंट माझ्या डोक्यातून जात नाही. दसऱ्यानंतरचा रविवार. पावसाळा सरला होता, माहुलीचं गवत अजून हिरवं, आणि ऊन मात्र ऑक्टोबरचं. पन्नाशीचे गृहस्थ, मुंबईच्या ग्रूपबरोबर आलेले. गावातल्या पोरांनी बांबूला घोंगडी बांधून झोळी केली आणि त्यांना खाली आणलं. पुढे जीपने माझ्याकडे. बेशुद्ध. अंग घामाने निथळत होतं, शर्ट पिळून काढावा असा. सोबतच्यांचं निदान तयार होतं: उन्हाचा त्रास. ग्लुकोमीटरवर साखर आली ३४.

उतरताना ते आधी चिडचिड करू लागले, मग असंबद्ध बोलू लागले, मग मटकन खाली बसले. त्या वेळी एका मैत्रिणीने बाटलीत फसफसणारी इलेक्ट्रोलाइटची गोळी विरघळवून त्यांना पाजली. मुद्दाम बिनसाखरेची. कारण सकाळी बसमध्ये त्यांनी "मला डायबिटीस आहे" म्हणून शिरा नको म्हटलं होतं, ते तिच्या लक्षात होतं. काळजी होती, हेतू चांगला होता, आणि जे द्यायला हवं होतं नेमकं तेवढंच वगळलं गेलं. त्यांच्या स्वतःच्या सॅकमध्ये गुळाच्या चिक्कीचं पाकीट होतं, हे नंतर कळलं. सॅक बसमध्ये, आणि बस डिझेल भरायला हायवेवर.

शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज दिल्यावर काही मिनिटांत त्यांनी डोळे उघडले. "मी कुठे आहे?" विचारलं, लाजले, पाणी मागितलं. ग्रूपच्या दृष्टीने प्रकरण मिटलं. पाच वाजले होते, ड्रायव्हरला वेळेत परतायचं होतं, आता गृहस्थ ठणठणीत दिसत होते. माझं मात्र एकच चाललं होतं: गोळी कुठली? "एक पांढरी असते, सकाळची," ते म्हणाले. मधुमेहाच्या निम्म्या गोळ्या पांढऱ्या असतात.

इथे थोडं तांत्रिक होणार, क्षमा असावी. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्याची साखर अशी सहसा कोसळत नाही. ग्लिमेपिराइडच्या जातीच्या गोळीची गोष्ट वेगळी. स्वादुपिंडातल्या बीटा पेशींवर पोटॅशियम बाहेर जाण्याच्या वाटा असतात. ही गोळी त्या बंद करते. मग पेशीत कॅल्शियम शिरतं आणि इन्सुलिन बाहेर पडतं. रक्तात साखर आहे की नाही, माणूस माहुली चढतोय की घरी टीव्ही बघतोय, हे ती गोळी विचारत नाही. त्यातून चालणारे स्नायू इन्सुलिनशिवायही साखर ओढतात. या गृहस्थांनी पहाटे पाचला चहाबरोबर गोळी घेतली होती आणि पोहे "नंतर खाऊ" म्हणून ठेवले होते. अशा पेशंटची साखर डेक्स्ट्रोजने वर येते आणि पुन्हा घसरते. त्याला रात्रभर, कधी पुरता दिवस नजरेखाली ठेवावं लागतं. म्हणून गोळीचं नाव म्हणजे माझ्या दृष्टीने त्या संध्याकाळी सगळं काही होतं.

फोनवर बायको लागली, तिने घरातल्या कपाटातून जुनी रिकामी पट्टी शोधली आणि एकेक अक्षर लावत नाव वाचलं. ग्लिमेपिराइड. मी त्यांना ठेवून घेतलं. बस गेली, त्यांची सॅक घेऊन गेली. रात्री साखर दोनदा पन्नासच्या खाली आली. बायकोने फोन उचलला नसता तर मी त्यांना अडवू शकले असते का, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही. चांगला दिसणारा पेशंट आणि सही करून न्यायला तयार असलेली वीस माणसं यांच्यापुढे डॉक्टरचा आवाज फार मोठा नसतो.

आता ओआरएस. हा माझा दुखरा विषय आहे, त्यामुळे संपादकांनी कात्री लावली तरी माझी तक्रार नाही. लोकांना वाटतं, ओआरएस म्हणजे शक्तीचं काहीतरी. थकलं की प्यायचं, जितकं दाट तितकं चांगलं. ट्रेकवर अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खी पुडी ओततात आणि ढवळून रांगेत फिरवतात. मोठी पुडी एक लिटरची असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात २०.५ ग्रॅम भुकटी: ग्लुकोज १३.५, मीठ २.६, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ आणि पोटॅशियम क्लोराईड १.५. हे आकडे कुणाच्या लहरीने ठरलेले नाहीत. आतड्याच्या पेशीत सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत जातात आणि त्यांच्या पाठोपाठ पाणी ओढलं जातं. सगळी किमया त्या जोडीत आहे. द्रावणाची तीव्रता २४५, म्हणजे रक्तापेक्षा कमी, म्हणून पाणी आतड्यातून रक्ताकडे जातं. तीच पुडी निम्म्या पाण्यात घातली की तीव्रता दुप्पट होते आणि पाणी उलट आतड्याकडे खेचलं जातं. माणूस आधीच सुकलेला, त्याला वर मळमळ आणि जुलाब. मग म्हणतात, ओआरएस मला सोसत नाही.

१९७१मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, डॉ. दिलीप महालनोबीस यांच्याकडे सलाईन संपत आलं, तेव्हा त्यांनी मीठ-साखर-सोड्याचं द्रावण पिंपांतून वाटलं. पटकीने मरणाऱ्यांचं प्रमाण तीस टक्क्यांच्या घरातून चार टक्क्यांच्या खाली आलं. ज्या भुकटीचा हा इतिहास, तिचं नाव फळांच्या गोड पेयांच्या खोक्यांवर वर्षानुवर्षं छापून विकलं गेलं. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष त्याविरुद्ध अनेक वर्षं भांडल्या आणि अखेर २०२५च्या ऑक्टोबरात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ओआरएस हे नाव वापरायला मनाई केली. मी त्या दिवशी दवाखान्यात पेढे वाटले. पेशंटांना वाटलं, मुलगा पास झाला.

तेव्हा पुडी न्यायची तर लिटरची बाटली न्या. नाहीतर २०० मिलिलिटरची छोटी पुडी मिळते, ती घ्या. काहीच नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. आणि हेही ऐका: ओआरएस साखर पडलेल्या माणसाचं औषध नाही. अख्ख्या लिटरमध्ये साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज. त्याला तेवढं काही घोटांत हवं असतं.

पाण्याबद्दल थोडक्यात. माहुली हा उंच गड, आणि चढ जवळजवळ पायथ्यापासूनच अंगावर येतो. माणशी तीन लिटर लागतं. वरच्या टाक्यांवर आणि गावच्या हंड्यांवर भरवसा ठेवू नका. तानसाचं पाणी १८९२पासून मुंबईला जातंय, पुढे मोडकसागर आलं, भातसा आलं, आणि शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. मुंबईच्या नळाचं पाणी मुंबईहून भरून आणलंत तर ते इथलंच आहे, संकोच नको.

साप हा दरवर्षीचा प्रश्न. "किटमध्ये एएसव्ही, म्हणजे सर्पविषावरची लस, ठेवू का?" नको. ती लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर आहे. गडाच्या झाडीत दिसणारा हिरवा चापडा त्यांत बसत नाही. शिवाय ती देताना अंगावर पित्त उठून श्वास कोंडू शकतो, म्हणून ती रुग्णालयातच द्यायची. ब्लेड, दोरी, चोखणं यांतलं काही करू नका. अंगठी-कडं काढा, पाय फळीला सैल बांधून हलू देऊ नका आणि सरकारी रुग्णालय गाठा. लस तिथे फुकट मिळते.

पुन्हा त्या रविवारकडे जाते, कारण एक गोष्ट सांगायची राहिली. बस सुटली तेव्हा झोळी आणणाऱ्यांतला एक पोरगा दवाखान्याच्या पायरीवर बसून होता. म्हटलं, काय रे? "मॅडम, घोंगडी तेवढी द्या. रात्री लागंल." पौषातल्या म्हशाच्या जत्रेत घेतलेली, आता घामाने भिजलेली. ग्रूपमधल्या एकालाही तिची आठवण झाली नव्हती. ज्या पाड्यांना रस्ता नाही तिथून हीच पोरं बाळंतिणींना अशाच झोळीतून आणतात, त्यामुळे खांदा कसा बदलायचा, डोकं कुठल्या बाजूला ठेवायचं हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. १०८ची गाडी डांबरापर्यंत येते. तिच्यापर्यंत पोचवणारे हे. त्यांना मानधन द्या, घोंगडी परत करा, एवढं तर यादीत न घालताही कळायला हवं.

हे वाचून कुणी सॅक पाठीवर चढवेल असं मला वाटत नाही. ती जड असते, मलाही गुडघे आहेत. म्हणून सॅक खुशाल बसमध्ये राहू द्या. दोन गोष्टी तेवढ्या अंगावरच्या खिशात ठेवा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेत असाल तर ग्लुकोजची पुडी, नाहीतर चार लिमलेटच्या गोळ्या. बरोबरच्या एकाला त्या कुठल्या खिशात आहेत ते सांगून ठेवा, आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही हेही सांगा. दुसरा एक कागद: नाव, वय, आजार, औषधांची नावं पट्टीवर आहेत तशी, कशाची ॲलर्जी आहे का, आणि हमखास फोन उचलणाऱ्या माणसाचा नंबर. फोनमध्ये नको, फोनला कुलूप असतं आणि गडावर बॅटरी संपते. बॉलपेनने लिहा, घामाने शाईचं पेन पसरतं. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या किंवा पँटच्या खिशात ठेवा. दिवाळीच्या सुट्टीत गडावर निघणार असाल तर आजच लिहा.